जोड कुणाशी लावायची?

कबड्डीत पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, महिलांचं १२ बाय ८. वरिष्ठ गटात पुरुष खेळाडू ८५ किलोच्या वर चालत नाही, महिला ७५च्या वर. हे आकडे मला पाठ आहेत, कारण या रेषा चुन्याची फक्की घेऊन मी वर्षानुवर्षं आखत आले आहे. आधी खेळाडू म्हणून आणि आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळ शिकवणारी बाई म्हणून. पण गट पाडायचे ते कशावर, बाई-पुरुष यावर की अंगकाठीवर, असं माझ्या भाच्याने एकदा थेट विचारलं, आणि तो विषय काही डोक्यातून गेला नाही.

भाचा पोलीस भरतीची अकॅडमी चालवतो. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी पळवतो. त्याचं म्हणणं असं, "आत्या, बाई-माणूस कायले पाहाता? वजन पाहा, उंची पाहा, ताकद पाहा आन् लावा जोड. आपल्या दंगलीत तेच तं करतात."

दंगलीचं त्याने खरं सांगितलं. गावच्या कुस्त्यांत काटा नसतो. एखादा जुना पैलवान दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करतो, खांदे पाहतो, पोटरी दाबून बघतो आणि जोड लावतो. वय कुणी विचारत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात गावोगावी कबड्डीचे सामने होतात, त्यांच्या पत्रकावरही ठळक अक्षरांत वजनगट छापलेला असतो. खो-खोत तर किशोर वयाच्या खेळाडूंसाठी वय, उंची आणि वजन यांची बेरीज करून मर्यादा ठरवण्याची पद्धत आहे. तेव्हा शरीर मोजून गट पाडणं हे काही आपल्याला नवं नाही. त्याच्या बोलण्याचा विचार मी केला तो यासाठीच.

वजनाच्या काट्यापाशी काय होतं, हे मात्र मंडपात बसलेल्यांना दिसत नाही. मला आठवतो तो एका गावातला, रात्रीच्या सामन्यांआधीचा काटा. व्यापाऱ्याकडून आणलेला, ज्यावर दिवसभर कापूस मोजला जातो तोच इलेक्ट्रॉनिक काटा, एका बाजूने हॅलोजनचा उजेड आणि पोरांची रांग. गट ५५ किलोचा. एक पोरगा चढला, आकडा आला ५५.४००. "काटा खराब हाय, सर." बनियन काढलं, तरी काही फरक पडेना. मग त्याच्या सोबत्यांनी त्याला दोन स्वेटर चढवले आणि तो मैदानाभोवती पळायला लागला, तोंडात च्युइंगम आणि दर दहा पावलांवर थुंकी. सकाळपासून पोटात अन्न नाही, पाणीही नाही. काटा बंद व्हायच्या आत तो पुन्हा चढला आणि ५४.९०० भरला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या डावात त्याच्या पोटरीत असा गोळा आला की चौघांनी उचलून बाहेर आणला. मी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होते आणि तो मला विचारत होता, "मॅडम, पुढच्या सामन्याले पुन्हा वजन घेतीन काय?"

पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटचं जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ५० किलोच्या गटात अंतिम फेरी गाठली, रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले. देशाने रडून घेतलं. पण त्या काट्याची धाकटी भावंडं आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांच्यापुढे उपाशी उभी राहणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात. वजन हे शरीराचं सगळ्यात सोपं माप. त्या सोप्या मापाचे हे हाल आहेत.

आता वजन सारखं असलं म्हणजे जोड बरोबरीची होते का, ते पाहू. २०१९ साली थायलंडमधल्या पटायात जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. त्यात ५५ किलोचा गट पुरुषांचाही होता आणि महिलांचाही. पुरुषांत उत्तर कोरियाच्या ओम युन-चोलने स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून २९४ किलो उचलले. महिलांत चीनच्या ल्याओ चिउयुनने २२७. दोघंही जगातले अव्वल, दोघांनीही त्या स्पर्धेत विश्वविक्रम केला, दोघांचंही वजन ५५च्या आत. तरी ६७ किलोंचा फरक, म्हणजे जवळपास ३० टक्के. पळण्यात हा फरक कमी असतो. १०० मीटरमध्ये उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद आणि फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचे १०.४९. पण त्या १० टक्क्यांच्या आत जगभरातले कितीतरी पुरुष धावपटू बसतात.

हे सगळं वयात आल्यावर घडतं. सहावी-सातवीपर्यंत मुलगी मुलाच्या बरोबरीने पळते. बरेचदा पुढेच असते, कारण ती आधी उंच होते. मग मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं. स्नायू भरतात, हाडं रुंद होतात, हृदय मोठं होतं, रक्तात हिमोग्लोबिन चढतं. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी पुरुषासाठी हिमोग्लोबिनची खालची मर्यादा १३ धरली आहे आणि बाईसाठी १२. आणि आपल्याकडच्या बायका त्या १२लाही पोचत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत तो २५ टक्के होता. माझ्या संघातली मुलगी चौथ्या चढाईला धापा टाकते तेव्हा त्यात निसर्गाचा वाटा किती आणि घरातल्या ताटाचा किती, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. भाऊ जेवल्यावर उरलेलं ती जेवते. सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जाते. तिच्या बोटांत जी पकड आहे ती वेचणीने दिली आणि तिची दमछाकही वेचणीनेच दिली.

भाचा ऐकून घेणाऱ्यातला नाही. म्हणाला, वजनाने भागत नसेल तर ताकदच मोजा. दम मोजा, उडी मोजा, पकडीचं यंत्र मिळतं ते आणा, आणि त्या आकड्यांवर गट पाडा.

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. ताकद ही मेहनतीने येते. ताकदीवर गट पाडले तर वर्षभर घाम गाळणारी मुलगी वरच्या गटात ढकलली जाणार आणि आळस केलेला पोरगा खालच्या गटात ढाल घेऊन घरी जाणार. शिवाय मोजणीच्या दिवशी मुद्दाम हळू पळायला काय लागतं? वजन लपवता येत नाही म्हणून पोरं उपाशी राहतात. ताकद तर नुसता हात ढिला सोडला की लपते. दिव्यांगांच्या खेळात शरीराची क्षमता पाहून वर्ग ठरवतात, आणि ते काम तज्ज्ञ मंडळी फार बारकाईने करतात. तिथेही वाद सुटलेले नाहीत. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये थाळीफेकीच्या एफ-५२ वर्गात विनोद कुमारला कांस्यपदक मिळालं आणि मग तो त्या वर्गात बसतच नाही, असं ठरवून ते काढून घेतलं गेलं. आणि इतकं बारीक वर्गीकरण असूनही भालाफेक, गोळाफेक, धावणं यांत पुरुष आणि महिला वेगळेच ठेवलेले आहेत.

समजा, ताकदीप्रमाणे चार गट केले. वरच्या दोन गटांत एकही मुलगी नसेल. खालच्या दोन गटांत असतील, पण त्यांच्याबरोबर अंगाने बारीक राहिलेली मुलंही असतील, आणि गावाचं लक्ष वरच्या गटाकडे. बक्षीस, फोटो, आमदारांच्या हस्ते ढाल, सगळं तिकडेच. मुलींना अंतिम सामना खेळायला कधी मिळणार? महिलांचा गट आहे म्हणून दरवर्षी प्रत्येक तालुक्यात कुणीतरी मुलगीच पहिली येते. तिचं नाव पेपरात येतं, शाळेच्या फळ्यावर येतं, आणि मग शेजारच्या घरातला बाप आपल्या पोरीला बूट घेऊन द्यायचा विचार करतो. मी ज्यासाठी भांडते आहे, ते हे आहे.

कारण महिलांचा गट निव्वळ ताकदीच्या फरकावर उभा नाही. बुद्धिबळात कुठे दंड लागतो? नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची असताना, जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. पट तोच, सोंगट्या त्याच. तरी महिलांची वेगळी स्पर्धा आहे, कारण पटासमोर बसणाऱ्या मुलीच कमी. आता आमच्याच भागात शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली पट मांडून बसतात आणि एकमेकींना "तू दिव्या, मी हम्पी" म्हणतात. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. पळतात बैल, पण जोडी हाकणाऱ्या महिला धुरकऱ्यांचा पट वेगळा होतो. कासरा बाईच्या हातात असला म्हणून बैल हळू पळत नाही. तो वेगळा पट ठेवला नसता तर बाई धुरेवर बसलेली लोकांनी पाहिलीच नसती.

याच्या उलटही घडलेलं आहे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि सुवर्णपदक चीनच्या चांग शानने, एका बाईने, जिंकलं. पुढच्या ऑलिम्पिकला, १९९६ साली, स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवली. बायकांची वेगळी स्कीट आली ती २००० साली. १९९६च्या ऑलिम्पिकला आधीची सुवर्णविजेतीच बाहेर राहिली. म्हणून 'खुला गट' हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, तो किती दिवस खुला राहणार आणि कुणासाठी?

आमच्याकडच्या मुलींना या गटाची किंमत भाच्याच्या अकॅडमीतच कळते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. या वेगळ्या मापांमुळे कास्तकाराच्या पोरीला खाकी चढवता येते. हे माप वजनावर ठेवलं असतं तर पहाटे त्या डांबरी रस्त्यावर भाच्याला एकही पोरगी दिसली नसती. हे मी बोलले तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, "ते तं हाय." विदर्भात याला हार मानणं म्हणतात.

पण त्याच्या म्हणण्यात एक धागा असा होता जो मलाही सोडता येत नाही. गट बाई-पुरुषावर पाडला की मग बाई कोण, हे कुणीतरी ठरवणार. आणि ते ठरवायला जो पुढे येतो त्याची मला भीती वाटते.

एका सामन्यात माझ्या संघाची चढाईपटू नववीतली होती. उंच, हाडापेराने मजबूत. उन्हाळ्यात टायफॉइडने केस गळाले म्हणून आईने बारीक कापून टाकले होते. तिने पहिल्या डावात समोरच्या संघावर लोण चढवला, म्हणजे सगळा संघ बाद केला. मध्यंतरात त्या संघाचे व्यवस्थापक पंचांच्या टेबलापाशी आले. "हा पोट्टा हाय, मॅडम. मी लिहून देतो." मी शाळेचा दाखला काढला, आधार कार्ड काढलं. "दाखला कोनबी काढते." मग हळू आवाजात मला म्हणाले, "तुम्ही बाई आहात, आत नेऊन एकडाव पाहून घ्या न." पोरगी चार हातांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. पायाच्या अंगठ्याने ती लॉबीची रेषा खरवडत होती, चुना नखात भरत होता. मी नाही म्हटलं, आणि पंचांना सांगितलं की कागद पुरे आहेत. पुरे नसतील तर मी संघ घेऊन जाते. पंच शहाणे होते, सामना पुढे झाला. ती मात्र नंतर चढाईला गेली नाही, कोपऱ्यात उभी राहिली. पुढच्या हिवाळ्यात मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, "राहू द्या, मॅडम. लय बोलले लोकं." ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. तिच्यासारखी चढाई माझ्या पाहण्यात पुन्हा आली नाही.

तेव्हा शांती सौंदरराजनचं नाव मला अगदी घरचं वाटतं. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईकडची, आईबाप वीटभट्टीवर मजूर. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य मिळालं आणि लिंगचाचणीनंतर काढून घेतलं. मुलगी म्हणून जन्मली, वाढली, पळाली. शरीरातलं जे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं ते सगळ्या देशाने बातम्यांत ऐकलं. ओडिशातल्या विणकराच्या घरची द्युती चंद तशीच. २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला वगळलं, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून. ती मात्र भांडली. क्रीडा लवादाने २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यपदकं आणली. आता १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय या, शरीर पुरुषाचं घडवणाऱ्या जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा सक्तीची केली आहे. गालाच्या आतल्या बाजूचा नमुना किंवा रक्त दिलं की होते. पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्सजेंडर महिलांना २०२३पासून त्या गटात प्रवेश नाही.

जगातली पहिली धावपटू ठरवायची असेल तिथे संघटनेला कुठेतरी रेषा मारावी लागेल, हे मला मान्य आहे. ३० टक्क्यांचा फरक मीच वर सांगितला. रेषा मारली की कुणीतरी बाहेर राहणार, आणि जी बाहेर राहील तिने काही गुन्हा केलेला नाही. तिचा अहवाल डॉक्टर आणि ती यांच्यातच राहायला हवा, आणि तिला खेळण्याची दुसरी जागा मिळायला हवी. हे दोन्ही शांतीला मिळालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला पोलीस भरतीत ट्रान्सजेंडर उमेदवारांची सोय करायला आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला लावलं, ते मला फार योग्य वाटलं. नोकरी हा काही विश्वविक्रम नाही. आणि तालुक्याचा सामनाही विश्वविक्रम नाही.

लहान मुलांसाठी मी भाच्याच्या बाजूने आहे, पूर्णपणे. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकॅडम्यांत मुलांना कधी कधी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे एकत्र करून खेळवतात. आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा अजून पाचवीतला वाटतो आणि दुसऱ्याला मिसरूड फुटली आहे. त्या दोघांना एकाच गटात कुस्ती खेळवणं हा अन्याय आहे, आणि त्या बारक्याला त्याच्या मापाच्या मुलीबरोबर कबड्डी खेळवण्यात काहीही गैर नाही. आमच्या शाळेत सहावीपर्यंत मुलं-मुली एकत्रच खेळतात. घोटा पकडण्यात मुली पटाईत असतात, खाली वाकायला घाबरत नाहीत. मग सातवीच्या दिवाळीनंतर एखादी आई येते. "आता मोठी झाली ते. पोट्ट्यायच्या अंगाले अंग लागते, बरं दिसते काय?" त्या आईशी मी वाद घालत नाही. मुलींचा वेगळा संघ आहे, शिकवायला बाई आहे, सामने दिवसाउजेडी होतील, असं सांगते. बहुतेक जणी पाठवतात. वेगळा गट नसता तर त्या आईला सांगायला माझ्याकडे काहीच नसतं.

यंदाच्या सामन्यांचं पत्रक मंडळाने मला लिहायला दिलं आहे. बारा वर्षांखालचे संघ मिश्र ठेवायचे आणि वय-उंची-वजनाच्या बेरजेवर पाडायचे, हे मी लिहिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. काटा सामन्याच्या आदल्या दिवशी घ्यायचा आणि ५०० ग्रॅमची सूट द्यायची, यावर थोडी कुरकुर झाली, पण मंजूर झालं. मुलींचे सामने दुपारी तीनला, मुलांच्या आधी, हेही झालं. अडलं शेवटच्या ओळीवर. मी लिहिलं आहे: 'मुलींच्या गटातील खेळाडूबाबत आक्षेप फक्त शाळेच्या दाखल्यावर घेता येईल, खेळाडूची अंगझडती किंवा तपासणी कुणीही, कोणत्याही कारणाने करणार नाही, तशी मागणी करणारा संघ बाद होईल.' सचिव म्हणतात, हे छापलं तर लोक विचारतील, असं काय झालं होतं म्हणून. मी म्हटलं, विचारू द्या, मी सांगते. पत्रक छापायला जायला अजून वेळ आहे आणि पुढच्या बैठकीला भाचाही येतो म्हणाला आहे.